ग्रो टेंटमधला उकाडा आणि दमटपणा: फ्लॅटमध्ये पालेभाज्या लावणाऱ्या नवख्यांसाठी

आधी माझी फजिती सांगतो म्हणजे पुढचं का लिहिलंय ते कळेल. डोंबिवलीच्या टू बीएचकेमधल्या छोट्या बेडरूममध्ये तीन बाय तीन फुटांचा, सहा फूट उंच ग्रो टेंट (आत झाडं वाढवायचा, चेनने बंद होणारा तंबू) उभा केला, १०० वॅटचा एलईडी टांगला, कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) लेट्यूस, बेसिल, थोडी मेथी. मे महिन्यात लेट्यूस लांब दांडा काढून कडू झालं, जूनमध्ये नवीन लावलं तर पंधरा दिवसांत बुडखे मऊ पडून आडवे झाले, आणि जुलैमध्ये बेसिलच्या पानांखाली करडी बुरशी. तीन महिने, तीन वेगळे मृत्यू. आणि मी काय करत होतो तर खत बदलत होतो. खताचा काही दोष नव्हता हो, हवेचा होता. पैसे खर्च करण्याचा क्रमच उलटा होता, दिवा पहिल्यांदा घेतला आणि शंभर-दोनशे रुपयांचा मीटर सगळ्यात शेवटी.

अजून एक गोष्ट सुरुवातीलाच. ग्रो टेंट, इनलाइन फॅन (नळीत बसवायचा हवा ओढणारा पंखा), कॅनॉपी (झाडांच्या शेंड्यांचा थर), व्हीपीडी (हवेची तहान, पुढे सांगतो) हे सगळं नेटवर शोधलंत की नव्वद टक्के माहिती गांजा लावणाऱ्यांची सापडते, कॅनडा-अमेरिकेतली. आपल्याकडे ते झाड घरात लावणं एनडीपीएस कायदा, १९८५ खाली गुन्हा आहे, लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, त्यामुळे तो विषय इथे नाही. पण ती माणसं बंद खोलीतल्या हवेचा अभ्यास मनापासून करतात हे मान्य करायला पाहिजे, शिकण्यासारखं खूप आहे. अडचण एवढीच की ते लिहितात तिकडच्या थंड तळघरांसाठी. तिकडे दिव्याची उष्णता म्हणजे फुकटचा हीटर. आपल्याकडे तोच दिवा म्हणजे आगीत तेल. "बाहेरची ताजी हवा आत ओढा की झालं" असं तिकडे लिहितात, डोंबिवलीत जुलैमध्ये बाहेरची ताजी हवा म्हणजे ओला टॉवेल. म्हणून तिकडचे आकडे जसेच्या तसे उचलू नका.

पहिलं काम: मीटर घ्या, आणि त्याच्यावर विश्वास ठेवू नका

तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारा छोटा डिजिटल मीटर घ्या, दोन घेतलेत तर उत्तम, एक टेंटमध्ये आणि एक बाहेर खोलीत. कमाल-किमान लक्षात ठेवणारा असेल तर फारच बरं, कारण रात्री तीन वाजता काय झालं ते बघायला तुम्ही उठणार नाही. टेंटमधला मीटर झाडांच्या शेंड्याच्या उंचीवर टांगायचा, जमिनीवर ठेवायचा नाही, आणि दिव्याचा थेट प्रकाश त्याच्यावर पडू द्यायचा नाही, नाहीतर तो स्वतःच तापतो आणि खोटं बोलतो. मी पुठ्ठ्याचा छोटा तुकडा त्याच्यावर छपरासारखा लावलाय.

आता स्वस्तातले मीटर पाच-सात टक्क्यांनी सहज चुकतात. तपासायची पद्धत घरचीच आहे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यात थेंब-थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा, मीठ पूर्ण विरघळलं नाही पाहिजे. ते झाकण आणि मीटर एका घट्ट डब्यात बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी डब्यातली हवा ७५ टक्क्यांवर आलेली असते, मिठाचा तो गुणच आहे. मीटर ८१ दाखवत असेल तर तुमचा मीटर सहाने जास्त दाखवतो, मागे चिकटपट्टीवर "उणे ६" लिहून टाका. झालं.

आणि याच कारणाने पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटतं. हवा ७५ च्या वर गेली की मीठ ओलं व्हायला लागतं. पूर्वी बायका मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकायच्या, पापड पत्र्याच्या डब्यात कोंबायच्या, ते सगळं याच ७५ च्या वरचं राजकारण. माझी आई टेंटकडे बघून म्हणाली होती, "मिठाला पाणी सुटलंय आणि तू कोथिंबीर कसली लावतोस". मी हसलो होतो.

पाणी येतं कुठून

हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम होतं, म्हणून इथे जरा वेळ काढतो.

माझ्या टेंटमध्ये हवा आहे साधारण दीड घनमीटर. २५ अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ मावते. म्हणजे अख्ख्या टेंटच्या हवेत पूर्ण भरून ३५ ग्रॅम पाणी, मोठे दोन-अडीच चमचे! आणि मी झाडांना रोज किती पाणी घालत होतो? दीड लिटर. झाड त्यातलं जेमतेम थोडंसं स्वतःच्या अंगात ठेवतं, बाकी सगळं पानांतून हवेत सोडतं. दीड लिटर म्हणजे दीड हजार ग्रॅम, टेंटमध्ये मावतं पस्तीस. म्हणजे दिवसातून चाळीसेक वेळा टेंटची हवा काठोकाठ भरेल एवढं पाणी झाडं सोडतात. पंखा बंद ठेवून टेंटची चेन लावलीत की काही मिनिटांत आकडा चढतो तो यामुळे, पावसामुळे नाही. पाऊस फक्त एवढंच करतो की हे पाणी बाहेर टाकायला जागा ठेवत नाही.

दुसरी गोष्ट, गार हवेत वाफ कमी मावते. समजा दिवा चालू असताना टेंटमध्ये २८ अंश आणि ६५ टक्के आहे, मस्त आकडा. दिवा बंद झाला, तापमान २२ वर उतरलं. हवेतलं पाणी तेवढंच आहे पण जागा कमी झाली, मीटर आता ९३ दाखवेल. एक थेंब पाणी न वाढवता! आणखी दीड-दोन अंश उतरलं की टेंटच्या भिंतीवर, पानांवर दव. बुरशीला हेच पाहिजे असतं, पान काही तास सलग ओलं. तुम्ही संध्याकाळी मीटर बघून खूश होऊन झोपता आणि बुरशी रात्रपाळी करते.

म्हणून कमाल-किमानवाला मीटर म्हणालो.

व्हीपीडी, न घाबरता

नाव अवघड आहे, गोष्ट सोपी. हवेला अजून किती पाणी पिता येईल, म्हणजे हवेची तहान. दोरीवर कपडे कधी वाळतात आणि कधी नाही, तेच. नुसती आर्द्रता सांगून ते कळत नाही कारण ३० अंशांची ७० टक्के आणि २० अंशांची ७० टक्के यांची तहान वेगळी. मोजतात किलोपास्कलमध्ये. हिशोब असा: त्या तापमानाला हवेत मावणाऱ्या वाफेचा दाब घ्यायचा (२० अंशांना २.३४, २५ ला ३.१७, ३० ला ४.२४, ३५ ला ५.६२) आणि जेवढे टक्के रिकामे आहेत तेवढ्याने गुणायचं. २५ अंश, ६० टक्के आर्द्रता, म्हणजे ४० टक्के रिकामं, ३.१७ गुणिले ०.४० म्हणजे १.२७. बस.

नुकत्या उगवलेल्या रोपांना ०.४ ते ०.८, वाढत्या पालेभाजीला ०.८ ते १.२, मिरची-टोमॅटोसारखं फुलाफळावर आलेलं असेल तर १.२ ते १.५ पर्यंत चालतं. आता आपले आकडे टाकून बघा. जुलैत माझ्या खोलीत २८ अंश आणि ९० टक्के: ०.३८. म्हणजे हवेला तहानच नाही, झाड पाणी सोडू शकत नाही, पाणी वर चढत नाही, आणि पाण्याबरोबर चढणारं कॅल्शियमही कोवळ्या पानांपर्यंत पोचत नाही. लेट्यूसच्या आतल्या पानांच्या कडा तपकिरी जळल्यासारख्या दिसतात ना, तो टिपबर्न, तो बऱ्याचदा असा होतो. मी त्याला खत कमी पडलं समजून कॅल्शियम ओतत होतो. मुळाशी भरपूर होतं, वर जायला गाडीच नव्हती.

उलट टोक नागपूर-चंद्रपूरकडच्यांचं. मेमध्ये बंद खोलीत ३६ अंश आणि २५ टक्के धरलं तर तहान जवळजवळ साडेचार. झाड जीव वाचवायला पानांची छिद्रं बंद करून बसतं, वाढ थांबते, कडा वाळतात, आणि लाल कोळी (पानातला रस शोषणारी बारीक कीड) येतो, त्याला कोरडी गरम हवा म्हणजे लग्नाचं जेवण.

उकाडा: दिवा, पंखा आणि एक कटू सत्य

एलईडी गरम होत नाही असं दुकानदार सांगतात, त्यांचं ऐकू नका. १०० वॅट वीज आत गेली की शेवटी जवळजवळ सगळी उष्णताच होते, थोडी पानं खातात पण ते हिशोबात धरू नये एवढंच. एलईडीचा फायदा हा की तेवढ्याच प्रकाशाला वॅट कमी लागतात. त्यामुळे पहिला उपाय, गरजेपेक्षा मोठा दिवा घेऊ नका. तीन बाय तीनमध्ये पालेभाजीला १०० वॅट पुरतो, तिकडचे लोक ३०० लावतात ते वेगळ्या झाडासाठी. डिमर असेल तर मेमध्ये ७० टक्क्यांवर आणा. ड्रायव्हर, म्हणजे तो दिव्याबरोबरचा गरम होणारा डबा, सुटा होत असेल तर टेंटच्या बाहेर टांगा.

मग एक्झॉस्ट, म्हणजे आतली गरम हवा बाहेर फेकणारा पंखा. १०० वॅटची उष्णता फक्त तीन अंश वाढीत रोखायची असेल तर तासाला साधारण १०० घनमीटर हवा बदलावी लागते. चार इंची इनलाइन फॅन कागदावर याच्या दुप्पट देतात, पण डक्टला (हवा नेणारी लवचीक नळी) वळणं आणि जाळी लागली की त्यातलं बरंच गळतं, म्हणून चार इंची बरोबर. तो टेंटच्या वरच्या कोपऱ्यात लावायचा कारण गरम हवा वर जाते, आणि हवा आत येण्याची झडप समोरच्या खालच्या कोपऱ्यात उघडायची म्हणजे हवा तिरपी अख्ख्या टेंटमधून जाईल. बरोबर चाललंय का ते कसं कळतं? टेंटच्या भिंती किंचित आत ओढल्या गेलेल्या दिसतात. फुगलेल्या असतील तर कुठेतरी गडबड. डक्ट ताणून सरळ ठेवा, सापासारखा वळवळता ठेवलात तर फॅनचा अर्धा जीव तिथेच जातो.

आता कटू सत्य. पंखा कितीही मोठा लावा, टेंट खोलीपेक्षा गार होणार नाही. खोली ३४ असेल तर टेंट ३७. म्हणजे प्रश्न टेंटचा नसतोच, खोलीचा असतो. आणि जी चूक जवळजवळ प्रत्येकजण करतो ती म्हणजे एक्झॉस्टचा डक्ट त्याच बंद खोलीत सोडणं. मी पण केलं. तीच हवा, तीच उष्णता, गोल-गोल, खोली तापत राहते आणि आपण म्हणतो फॅन बेकार आहे. डक्ट खिडकीतून बाहेर काढा. स्लायडिंग खिडकी असेल तर एक काच सरकवून त्या फटीत मापाचा प्लायवूड किंवा ॲक्रिलिकचा तुकडा बसवा, त्याला गोल भोक, बाहेरून डासाची जाळी. भाड्याचं घर असलं तरी काही तोडफोड नाही.

रात्रीचा दिवस करा

हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा शोध होता आणि खर्च शून्य. झाडाला घड्याळ कळत नाही. टायमर लावून दिवा संध्याकाळी सात ते सकाळी नऊ चालवा आणि दिवसा अंधार ठेवा. मेमध्ये फायदा उघड आहे, बाहेर सगळ्यात गार असतं तेव्हा तुमचा दिवा तापतो, आणि दुपारी बाहेर भट्टी असते तेव्हा दिवा बंद. पण पावसाळ्यातही फायदा होतो हे मला उशिरा कळलं. पावसाळ्यात हवा सगळ्यात सादळलेली पहाटे असते. समजा २७ अंश आणि ९० टक्के हवा आत आली आणि दिव्याने ती ३० अंशांवर नेली, तर तीच हवा ७५-७६ टक्के होते. पाणी काढलं नाही, फक्त जागा वाढवली. म्हणजे ज्या उष्णतेला मेमध्ये शिव्या घालत होतो तीच जुलैमध्ये कामाला येते, फक्त ती योग्य वेळेला पाहिजे. आणि दिवा बंद होतो तेव्हा सकाळ झालेली असते, खोली गरम व्हायला लागलेली असते, त्यामुळे तो २८ वरून २२ वाला धपकन उतार होतच नाही, दव पडायचं कारणच संपतं.

एकच लक्षात ठेवा, दिवसाचा अंधार खरा अंधार असू द्या, टेंटची चेन नीट लावा. आणि त्या खोलीत कोणी झोपत असेल तर फॅनच्या आवाजाबद्दल आधी बोलून घ्या, नंतर भांडण नको. आमच्याकडे फॅन रबरी पट्ट्यांवर टांगल्यावर शांतता झाली, दोन्ही अर्थांनी.

आतला पंखा वेगळा

एक्झॉस्ट हवा बदलतो, आतला छोटा क्लिप फॅन हवा हलवतो. दोन्ही लागतात. पानाला चिकटून दमट हवेचा पातळ थर असतो, तो हलला नाही तर मीटर ६५ दाखवत असला तरी पानाजवळ ९० असू शकते. पानं हलकी डुलली पाहिजेत, फडफडली नाही पाहिजेत. थेट तोंडावर मारू नका, भिंतीवर मारून परतू द्या. हा पंखा चोवीस तास, दिवा बंद असतानाही, किंबहुना तेव्हाच जास्त गरजेचा. "लाइट बंद तर पंखा कशाला" म्हणून टायमरला दोन्ही एकत्र जोडू नका, जून मधले माझे बुडखे त्यानेच गेले.

पाणी घालायच्या सवयी

पाणी दिवा लागल्यावर घालायचं, बंद व्हायच्या आधी नाही. पानांवर फवारा मारायची हौस असते सगळ्यांना, ती पावसाळ्यात पूर्ण बंद. ट्रेमध्ये साचलेलं पाणी अर्ध्या तासाने ओतून टाका. कोकोपीट वरून कोरडं झालं की मगच पुढचं पाणी, बोट पहिल्या पेरापर्यंत खुपसून बघा. चिलटं उडायला लागली म्हणजे वरचा थर सतत ओला आहे. हायड्रोपोनिक, म्हणजे मातीशिवाय खताच्या पाण्यात, करत असाल तर टाकीला झाकण पाहिजेच. खालची पिवळी पानं, एकमेकांवर चढलेली पानं काढत जा, गर्दी कमी केली की हवा पण फिरते आणि सोडलं जाणारं पाणी पण कमी होतं. चार बुडखे कमी लावा, हे सगळ्यात अवघड जातं पण करा.

बी उगवताना मात्र उलटं. तेव्हा दमटपणा हवा. पारदर्शक डबा उपडा घाला, रोपं वर आली की त्याला रोज एक-एक भोक पाडत जा आणि चार-पाच दिवसांत काढून टाका. एकदम काढलात तर रोपं मान टाकतात, ठेवूनच दिलात तर बुडाशी काळी पडून कोलमडतात. लेट्यूसचं अजून एक, त्याचं बी ३० अंशांच्या आसपास गेलं की झोपून जातं, उगवतच नाही, लोक बीवाल्याला दोष देतात. ओल्या टिश्यूत गुंडाळून डबीत घालून दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवा, मग पेरा, आणि पेरल्यावर घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात.

मशीन घ्यायचं का

आधी हे ठरवा की तुम्ही उघडी पद्धत चालवताय की बंद. उघडी म्हणजे बाहेरची हवा आत, आतली बाहेर, खिडकी उघडी. बंद म्हणजे खिडकी-दार बंद, एक्झॉस्ट खोलीतच, आणि खोलीतलं पाणी आणि उष्णता मशीनने काढायची. दोन्हीचं अर्धं-अर्धं करू नका. खिडकी उघडी ठेवून डीह्युमिडिफायर (हवेतलं पाणी काढणारं मशीन) चालवणारा माणूस अख्ख्या कल्याण-डोंबिवलीची हवा वाळवायला निघालेला असतो.

डीह्युमिडिफायर दोन प्रकारचे. दोन-चार हजाराला मिळतो तो पेल्टियरवाला (कॉम्प्रेसरऐवजी विजेने गार होणाऱ्या चकतीचा), छोटा, आवाज नाही, दिसायला गोड, दिवसाला पाव ते अर्धा लिटर पाणी काढतो. आता वरचा हिशोब आठवा, झाडं दीड लिटर सोडतायत. कपाटासाठी ठीक, टेंटसाठी नाही. कॉम्प्रेसरवाला दिवसाला दहा-बारा लिटर काढतो, पण महाग आणि तो खोली तापवतो. का ते सांगतो: एक लिटर पाण्याची वाफ होताना जवळजवळ ०.६८ युनिट विजेएवढी उष्णता हवेतून शोषली जाते, आणि मशीन त्या वाफेचं परत पाणी करतं तेव्हा ती सगळी उष्णता खोलीत परत येते, वर मशीनची स्वतःची वीज. त्यामुळे पावसाळ्यात, २६-२७ अंशांच्या खोलीत तो छान काम करतो, मेमध्ये लावलात तर आर्द्रता उतरेल आणि तुम्ही उकडून निघाल.

एसी असेल तर तो दोन्ही कामं करतो, उष्णता आणि पाणी दोन्ही खिडकीबाहेर. २५-२६ वर ठेवा, ड्राय मोड पावसाळ्यासाठी चांगला. पण एसीचा झोत टेंटच्या झडपेवर थेट येऊ देऊ नका. खरं सांगायचं तर शंभर रुपयांच्या लेट्यूससाठी एसी लावणं हा व्यवहार नाही, ज्या खोलीत तुम्ही तसंही एसी लावून झोपता तिथे टेंट असेल आणि दिवे रात्री असतील तर मात्र एका दगडात दोन पक्षी. मी शेवटी तेच केलं.

कूलरबद्दल रोज कोणीतरी विचारतं. कूलर पाणी हवेत घालून हवा गार करतो. नागपूर, अकोला, जळगाव, मेमध्ये कोरड्या हवेत दहा-बारा अंश सहज उतरतात आणि झाडांना लागणारा ओलावाही मिळतो, तिकडच्यांनी जरूर वापरा, खिडकी उघडी ठेवून. मुंबई, कोकण, गोवा इथे ३३ अंश-७० टक्क्यांना फार तर तीन-चार अंश मिळतील आणि आर्द्रता नव्वदीपार. इथे कूलर टेंटच्या आसपासही नको. बर्फाच्या बाटल्या पंख्यापुढे ठेवायचा जुगाड पण तसाच, फ्रीज ती उष्णता घरातच सोडतो.

बर्फाच्या बाटलीचा खरा उपयोग टाकीत. हायड्रोपोनिकचं पाणी २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरतं, ३० अंशांना साडेसात, आणि गरम पाण्यात मूळकुजीची बुरशी जोरात येते. मुळं पांढरी असली पाहिजेत, तपकिरी-बुळबुळीत आणि वास आला म्हणजे गेली. टाकी टेंटच्या बाहेर, जमिनीवर, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, मेमध्ये दुपारी एक गोठवलेली बाटली तरंगत सोडा, एअर पंप चालू. हवा ३१ असली तरी मुळं २३-२४ ला असतील तर लेट्यूस बरंच सहन करतं.

पान बघून ओळखायचं

पानं वरच्या बाजूला वाटीसारखी वळली, कडा वर, म्हणजे दिवा जवळ आहे किंवा उष्णता जास्त. दुपारी मलूल आणि कोकोपीट ओलं, म्हणजे पाणी कमी नाही, हवा फार कोरडी-गरम किंवा मुळं कुजली, अजून पाणी घालू नका. पानावर पिठासारखा पांढरा थर म्हणजे भुरी, द्राक्षवाल्यांना विचारा ती काय चीज आहे, हिला पान ओलं असण्याची पण गरज नसते, दमट कोंदट हवा पुरते. बेसिलची पानं वरून पिवळसर आणि खालून करडी-जांभळट लव म्हणजे डाऊनी, ती पानं पिशवीत घालून बाहेर, टेंटमध्ये झटकू नका. पानाखाली बारीक जाळं आणि वर फिकट ठिपके म्हणजे लाल कोळी. मिरचीची फुलं गळतायत आणि तापमान ३५ च्या आसपास आहे, तर औषध शोधू नका, उष्णता कमी करा.

आणि हवेशी भांडण्यापेक्षा पीक बदला की. मेमध्ये माझ्या टेंटमध्ये आता बेसिल, मिरचीची रोपं, माठ. पावसाळ्यात सात-दहा दिवसांत कापता येणारी मायक्रोग्रीन्स, मोहरी, मुळा, विरळ पेरून, कारण बुरशीने डोकं वर काढायच्या आत ती ताटात जातात. ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात फक्त रोपं तयार करायची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी लेट्यूस, तेव्हा काही करावंच लागत नाही, पुण्या-नाशिकवाल्यांनी फक्त बेसिल सांभाळा, रात्री दहाच्या खाली गेलं की पानं काळी पडतात.

विजेचं थोडक्यात पण गंभीरपणे. ओली खोली, पाणी आणि एक्सटेंशन बोर्ड एकत्र आले की जीवावरचं काम. बोर्ड जमिनीवर नाही, भिंतीवर उंच. प्रत्येक वायर सॉकेटला जायच्या आधी खाली लोंबून मग वर गेली पाहिजे म्हणजे पाणी वायरवरून घरंगळलं तर खाली टपकेल, सॉकेटात जाणार नाही. घरात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते इलेक्ट्रिशियनला विचारा, नसेल तर टेंटच्या आधी तो. कॉम्प्रेसरवालं मशीन स्वस्त एक्सटेंशनवर नाही.

लाइट गेली तर? फॅन बंद, झाडं पाणी सोडतच राहतात, टेंट बंद. सगळ्यात आधी चेन पूर्ण उघडा, वरची झडप उघडा, आणि इन्व्हर्टर असेल तर त्यावर दिवा नाही, फक्त आतला क्लिप फॅन जोडा, तो वीस वॅटच्या आत खातो. घरच्यांना पण हे शिकवून ठेवा. आमच्याकडे आता लाइट गेली की आई मेणबत्तीच्या आधी जाऊन टेंटची चेन उघडते.